सोळा पानं कमी, तरी वाचण्यासारखं: मॉरिस-जोन्स यांची एक जुनी प्रत

आधी तक्रार सांगते, पुस्तकाकडे मग वळते.

'द गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स ऑफ इंडिया', लेखक डब्ल्यू. एच. मॉरिस-जोन्स, तिसरी आवृत्ती, १९७१. जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. किंमत ४५० रुपये, पोचवण्याचे ८० वेगळे. जाहिरातीत लिहिलं होतं, 'प्रत चांगली, पानं पूर्ण'. दहा दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमचं गाव आमच्या लाइनवर नाही. अमळनेरला येऊन घेऊन जा." गेले. आलेच आहे तर म्हणून युरियाची एक गोणीही घेतली. येताना एसटीत कंडक्टरनं गोणीचं तिकीट फाडलं, पुस्तकाचं नाही.

घरी पानं चाळली तर ११३ ते १२८ हा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायचा सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा शिवलेला आणि १२९ ते १४४ गायब. वाक्य मध्येच तुटतं आणि पंधरा-सोळा पानं मागचं परत सुरू होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, जुन्या पुस्तकात एवढं चालतं. एकूण पानं तर बरोबर भरतात ना?" माणूस हिशेबाचा पक्का. आमच्या पंचायतीत असता तर लेखापरीक्षणातून अलगद सुटला असता. पैसे परत नाहीत, पुस्तक परत घेणं नाही. त्यामुळे विक्रेत्याला पाचपैकी एक, तोही पुठ्ठ्याचा खोका मजबूत होता म्हणून.

आता पुस्तक.

मी बोरी नदीकाठच्या एका गावात पाच वर्षं सरपंच होते, महिला राखीव जागेवर. सरपंच तेव्हा सदस्यांतून निवडायचे. माझ्या वॉर्डात मी ११ मतांनी आले होते. बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं होतं, सरपंचपद गेल्यावर हात रिकामे झाले म्हणून जळगावच्या विद्यापीठाची राज्यशास्त्राची बहिस्थ एम.ए. दिली. तिथं गाईडमध्ये 'टीपा लिहा, कोणत्याही दोन' या प्रश्नाखाली हे साहेब मला पहिल्यांदा भेटले. अडीच ओळी होत्या: मॉरिस-जोन्स यांच्या मते भारतीय राजकारणाच्या तीन भाषा आहेत, आधुनिक, पारंपरिक व संतांची. पाच मार्कांची टीप. मी ती पाठ केली, लिहिली, मार्क मिळाले असतील. पण ती टीप डोक्यातून जाईना. कारण त्या तिन्ही भाषा मी ऐकल्या होत्या, आणि तिन्ही एकाच संध्याकाळी, पाण्याच्या टाकीपायी.

ग्रामसभा होती. टाकी कुठं बांधायची एवढाच विषय. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि सुरू केलं, "सरपंच मॅडम, तांत्रिक मान्यता वरच्या आळीतल्या जागेला आहे. ठरावाला सूचक-अनुमोदक घ्या, म्हणजे इतिवृत्तात नोंद करतो." त्यावर ओट्यावर बसलेल्या नानांनी मांडी बदलली. "सूनबाई, टाकी आपली गल्लीमा नही, मग मत कसाले दिधं आम्हीन?" खालची आळी सगळी आमच्या भाऊबंदांची. नानांचा प्रश्न बिनतोड होता. मी बघतेय ना बघतेय तोवर निवृत्त गुरुजी उठले, टोपी सरळ केली, हात जोडले. "माउली, पाण्यावरून गावात दोन तट नको. मतं मोजू नका. बसू, बोलू, एकमतानं करू."

त्या रात्री मी नुसती दमले होते. पुस्तक वाचताना, पाच-सहा वर्षांनी, लक्षात आलं की त्या तिघांनी मला तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारली होती. मॅडम, सूनबाई, माउली. कोण कुठल्या भाषेत बोलतोय हे ओळखायला दुसरी खूण लागतच नाही. ही खूण साहेबांच्या पुस्तकात नाही, कुठून असणार, त्यांना सूनबाई कोण म्हणणार. पण मांडणी त्यांची. आधुनिक भाषा म्हणजे राज्यघटना, कोर्ट, संसद, सचिवालय, इंग्रजी वर्तमानपत्रं यांची. पारंपरिक म्हणजे जात, घराणं, गाव, मान-पान यांची. संतांची भाषा बोलणारे थोडे, ती राजकारणाच्या कडेला असते, पण तिच्याकडे सगळ्यांचे कान असतात. तिचा त्या काळचा मोठा बोलणारा म्हणून त्यांनी नाव घेतलंय विनोबांचं.

विनोबांचं नाव आलं आणि मी पुस्तक जरा बाजूला ठेवलं. कारण विनोबा १९३२ साली गीतेवर बोलले ते आमच्या धुळ्याच्या तुरुंगात, दर रविवारी, आणि ते उतरवून घेतलं साने गुरुजींनी, जे त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते. 'गीता प्रवचने' आमच्याकडे घरोघरी आहे, पोथीसारखी कापडात बांधलेली. म्हणजे लंडनच्या प्राध्यापकानं जिला संतांची भाषा म्हटलं तिचा एक मोठा पाठ आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, इंग्रज सरकारच्या तुरुंगात, सरकारी कैद्यांसमोर झाला. संतांची भाषा आणि सरकारची भिंत इतक्या जवळ.

हे साहेब मूळचे वेल्सचे, जन्म १९१८, वारले १९९९ला. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेब शिकले त्याच संस्थेत ते शिकले आणि पुढं शिकवायलाही लागले. महायुद्धात भारतीय सैन्यात नोकरी केली. १९४७ साली माउंटबॅटन यांचे घटनाविषयक सल्लागार होते, तेव्हा वयाची तिशीही झाली नव्हती. मोठ्या टेबलाशी बसलेले मात्र दुसरे होते. १९८२ साली त्यांनी सत्तांतरावर लेख लिहिला, त्याच्या नावातच 'कडेला उभं राहून पाहिलेलं' असा अर्थ आहे. मला हे आवडलं. आपल्याकडे कलेक्टर कचेरीच्या पायरीवर फोटो काढलेला माणूसही आत्मचरित्रात जिल्हा चालवतो.

नंतर दहा वर्षं डरहॅमला प्राध्यापक, मग १९६६ पासून १९८३ पर्यंत लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॉमनवेल्थ स्टडीजचे संचालक. १९५७ साली 'पार्लमेंट इन इंडिया' लिहिलं, पहिली लोकसभा काम करत होती तेव्हाचं निरीक्षण. ते मी कॉलेजच्या ग्रंथालयात नुसतं चाळलंय. १९७८ साली लेखसंग्रह आला, 'पॉलिटिक्स मेनली इंडियन'. आणीबाणीवर १९७७ला लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा अर्थ साधारण 'सरपटत आलेली पण अस्वस्थ हुकूमशाही'. मथळे द्यावेत तर या माणसानं.

मी मागवलेलं पुस्तक पहिल्यांदा निघालं १९६४ साली, नेहरू गेले त्याच वर्षी. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, आटोपशीर, आणि इंग्रजी अवघड नाही. मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, कापूस वेचणी चालू असताना, दुपारच्या तासाभरात, रोज सात-आठ पानं. साहेबांचा विनोद कोरडा आहे, हसवून दाखवत नाहीत. वाक्य संपून पुढचं सुरू झालं की कळतं, अरे, मागं चिमटा काढला होता. आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं रेघा मारल्यात, त्या दुसऱ्या प्रकरणानंतर एकदम बंद होतात. परीक्षा झाली असावी.

सुरुवातीला ते भारताला काय वारसा मिळाला ते सांगतात: एकीकडे सरकार, म्हणजे कलेक्टर, फायली, कायदा; दुसरीकडे चळवळ. दोन्ही एकाच वेळी हातात आले. माझ्या आजेसासऱ्यांचं आयुष्य बघितलं की हे पटतं. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. आजेसासरे बैलगाडीनं तिकडं गेले होते. पुढं स्वराज्य आलं आणि तेच आजेसासरे तलाठ्याच्या दारात उताऱ्यासाठी ताटकळत बसायचे. चळवळ अंगात आणि सरकार दारात. सासूबाई सांगतात, ते शेवटपर्यंत तलाठ्याला आधी 'रावसाहेब' म्हणायचे आणि मग त्याच्याशी भांडायचे.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते काँग्रेसबद्दलचं. १९६४ सालीच राज्यशास्त्राचे अभ्यासक रजनी कोठारी 'काँग्रेस पद्धती' मांडत होते आणि हे साहेबही त्याच वाटेवर होते. त्यांचं म्हणणं असं: एका पक्षाचं वर्चस्व आहे, स्पर्धाही आहे, पण पालट होण्याचा मागमूस नाही. मग विरोधी पक्ष करतात काय? ते सत्ताधाऱ्यांची जागा घ्यायला बोलत नाहीत, सत्ताधारी पक्षातल्याच एखाद्या गटाच्या कानाशी बोलतात. हे वाचून मी हसत सुटले. आमच्या गावात वीस वर्षं एकच पॅनल. विरोधक कधी पुढच्या दारानं येत नसत. आत कोण रुसलंय बघायचं आणि त्याच्या खिडकीशी जाऊन उभं राहायचं. हिवाळ्यात कुणाच्या मळ्यात भरीत-पुरीची पार्टी आहे, तिथं आपल्या पॅनलचा कोण जाऊन बसला, एवढं बघितलं की पुढचा उपसरपंच कोण ते कळायचं. दिल्लीच्या राजकारणाचा हा नकाशा वांग्याच्या वासावरून काढता येतो हे साहेबांना माहीत असतं तर त्यांनी एखादी फेरी आमच्याकडे मारली असती.

पुस्तकात नसलेलं, पण त्याच्या जोडीनं वाचावं असं एक: जयप्रकाश नारायण यांनी १९५९ साली पक्षांशिवाय लोकशाहीची कल्पना मांडली, गावापासून वर चढत जाणारी. त्यावर साहेबांनी पुढच्याच वर्षी 'इकॉनॉमिक वीकली'त टीका लिहिली. मथळा, 'दुःखी स्वप्ननगरी', आणि पुढं जोडलेलं, 'जेपी नवलाच्या देशात'. अमळनेरच्या आमच्या सरांच्या जुन्या फायलीत त्याचं झेरॉक्स निघालं. ते वाचताना आमच्या गुरुजींचं 'एकमतानं करू' सारखं आठवत होतं. गुरुजी मनापासून बोलत होते, त्यात शंका नाही. पण एकमत होतं कसं ते मी बघितलंय. ग्रामसभा उठली, रात्री चौघं नानांच्या ओट्यावर बसले, सकाळी एकमत झालेलं होतं. टाकी खालच्या आळीच्या तोंडाशी. आदिवासी वस्तीतून कुणी ओट्यावर नव्हतं, त्यांची नळजोडणी आणखी दोन वर्षं लांबली. ठरावावर सही माझी. संतांच्या भाषेत सुरू झालेलं वाक्य पारंपरिक भाषेत संपलं आणि आधुनिक भाषेत इतिवृत्तात लिहिलं गेलं.

'बिनविरोध' हा शब्द याच जातीचा. ऐकायला किती गोड. गावात भांडण नको, खर्च नको, बिनविरोध करा. आणि मग जानेवारी २०२१ला राज्य निवडणूक आयोगाला दोन गावांची निवडणूक रद्द करावी लागते, कारण सरपंचपदाचा लिलाव झालेला. त्यातलं एक आमच्याच खान्देशातलं, नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. असल्या बोलीचा पैसा देवळाला जायचा असतो म्हणे. म्हणजे बोली लावायची बाजारात आणि पावती फाडायची देवाच्या नावानं. साहेबांनी तीन भाषा वेगवेगळ्या मांडल्या तरी त्या एकमेकींत मिसळतात हे त्यांना माहीत होतं, तसं त्यांनी लिहिलंही आहे. पण किती मिसळतात हे कागदावरून कळणं कठीण.

आता माझं भांडण. साहेब म्हणतात की संतांची भाषा ही मोजपट्टी होते. लोक साध्या पुढाऱ्याला त्या पट्टीनं मोजतात, तो अर्थातच तोकडा पडतो, आणि मग राजकारण म्हणजे घाण असं म्हणून मोकळे होतात. वाक्य खरं आहे. फक्त ही पट्टी सगळ्यांना सारखी लावत नाहीत. मी निवडून आले तेव्हा पहिल्या महिन्यात कानावर आलं, "बाई आहे, खाणार नाही." मला बरं वाटलं होतं, कबूल करते. तो विश्वास नव्हता, माप घेणं होतं, हे पुढं कळलं. माझ्या आधीच्या सरपंचांनी कारकिर्दीत चारचाकी घेतली. गाव म्हणालं, आपला माणूस शे. आमच्या ह्यांनी पतपेढीचं कर्ज काढून स्कूटर घेतली, तर पारावर चर्चा, "ताईसुद्धा?" माझ्या 'सुद्धा'चे हप्ते चार वर्षं चालले होते. पुरुषाला पारंपरिक भाषेत माफी असते, बाईला संतांच्या भाषेत शिक्षा.

पुस्तकात हे सापडत नाही, आणि त्याबद्दल साहेबांना दोष देता येत नाही. पंचायतीत बायकांना जागा राखून ठेवणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ला, महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना मिळाल्या २०११ला. १९७१च्या आवृत्तीत मी कुठून असणार? पण आज हे पुस्तक शिकवणारे आहेत, गाईडवाले आहेत, त्यांनी अडीच ओळींच्या टीपेत अर्धी ओळ आमची घालायला काय हरकत होती?

आणखी एक झेरॉक्स सरांच्या फायलीत होतं, 'इन डिफेन्स ऑफ अपॅथी', १९५४चा लेख. म्हणजे उदासीनतेची बाजू. मतदान हे कर्तव्यच आहे असं ठासून सांगणं लोकशाहीच्या भाषेत बसत नाही, ती हुकूमशाही छावणीची भाषा झाली, असं साहेबांचं म्हणणं. उलट ज्यांना राजकारणात रस नाही अशी माणसं असणं चांगलं, कडव्या माणसांना तेवढाच आवर. लेख वाचून दोन दिवस मी भांडतच होते. आमच्या शेजारच्या आजी कधी मत द्यायच्या नाहीत. रिक्षा दारात आली तरी म्हणायच्या, "माले काय करनं शे?" लंडनमध्ये अशा बाईला उदासीन म्हणून सोडून देत असतील. इथं कसले सोडतात! ११ मतांनी निकाल लागलेल्या वॉर्डात दोन्ही बाजूंनी आजींचा हिशेब मांडला, त्या कुणाच्या वतीनं घरी बसल्या याची चौकशी झाली. उदासीन राहायलाही थोडी मोकळी जागा लागते. पण लेख फेकून दिला नाही. मतदार जागृतीच्या फेरीत शाळेच्या पोरांकडून घोषणा देऊन घेताना मीच पुढं असायचे, आणि आता त्या घोषणा आठवल्या की साहेब कडेला उभे राहून बघतायत असं वाटतं.

हरवलेली सोळा पानं शेवटी सरांच्या ओळखीनं कॉलेजच्या प्रतीवरून झेरॉक्स करून मिळाली. ३२ रुपये. ती आता पुस्तकात घडी करून ठेवलीत, दुसऱ्यांदा शिवलेल्या फर्म्याच्या पोटात.

कुणी घेणार असेल तर: १९६४ची नको, १९७१ची घ्या, मधल्या सात वर्षांत देशात बरंच घडलं, १९६७च्या निवडणुका झाल्या, काँग्रेस फुटली. जुन्या प्रतीला ३००च्या वर देऊ नका. पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडून प्रत्येक सोळाव्या पानाचा फोटो मागवा, नुसत्या मुखपृष्ठावर जाऊ नका. कागद पिवळा पडलाय पण तुटत नाही, अक्षर बारीक आहे, चाळिशी लागलेली असेल तर उजेडात बसा. एम.ए.च्या पोरांना एवढंच सांगते की तीन भाषांचं दुसरं प्रकरण आधी वाचा, गाईड नंतर. आणि पत्ता तालुक्याच्या गावचा द्या, गावाचा नको, नाहीतर गोणी नसतानाही एसटीची चक्कर पडेल.